पहिला डोळा अण्णांचा

शनिवारी दुपारची जेवणं उरकली की अण्णा चष्मा काढून माझ्या टेबलावर ठेवायचे, रुमालाची घडी मानेखाली घ्यायचे आणि कारखान्यातल्या लाकडी बाकावर उताणे पडायचे. दर शनिवारी येणारे गावातले डॉक्टर त्यांच्या उजव्या डोळ्यात बधिर करायचे थेंब टाकत. मग अण्णा छपराच्या पत्र्याकडे बघत म्हणायचे, "आणा आता राजांना." राजे म्हणजे त्या आठवड्यात तयार झालेलं यंत्र. ते त्यांच्या उघड्या बुबुळावर उभं ठेवलं जाई आणि अण्णा, ओठसुद्धा न हलवता, विचारत, "बोला राजे, काय म्हणता?"

मी नोकरीला लागले तो नेमका शनिवार होता. एक मध्यमवयीन गृहस्थ बाकावर पडलाय आणि दुसरा माणूस त्याच्या डोळ्यावर लोखंडी काहीतरी टेकवतोय, हे दारातून पाहिलं आणि माझा पाय उंबऱ्यावरच थबकला. मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली मी मुलगी, वडील लोणावळा स्टेशनात तिकीटबाबू. अशा ठिकाणी नोकरी करू देणार नाहीत हे मला दिसतच होतं. पण पडल्या पडल्याच अण्णा म्हणाले, "टायपिस्टबाई आल्या का? बसा. घाबरू नका, मी मेलेलो नाही." मग मी बसले, ती कारखान्याला कुलूप लागेपर्यंत.

हे यंत्र डोळ्यातला दाब मोजण्याचं होतं. काचबिंदूत डोळा आतून हळूहळू कडक होत जातो, दुखतखुपत नाही आणि दृष्टी कडेकडेने विझत जाते. माणसाला कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. हे यंत्र बुबुळावर ठेवलं की त्याची मधली बारीक दांडी बुबुळात किंचित रुते. मऊ डोळ्यात जास्त रुते, कडक डोळ्यात कमी, आणि वरचा काटा ते दाखवी. त्या काळी अशी यंत्रं परदेशातून येत आणि ती आणायला परवाने लागत. तालुक्याच्या गावचे डॉक्टर बोटांनी पापणी दाबून अंदाज करत. अण्णांच्या मनात होतं की हे यंत्र प्रत्येक तालुक्यात असावं, आणि ते आपण लोणावळ्यात बनवावं. ऐकणाऱ्याला हसू येई, आणि अण्णांना ते ठाऊक असे.

अण्णा म्हणजे वामनराव सातपुते. लष्कराच्या कारखान्यात दुर्बिणी दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. अंगाने किडकिडीत, कोट कायम एकच, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. बोलणं हळू. रागावले की आणखी हळू बोलत, त्यामुळे शिव्या खाताना माणसाला कान पुढे करावा लागे. "डोळ्याला खोटं चालत नाही," हे त्यांचं घोटून घोटून गुळगुळीत झालेलं वाक्य. आम्ही मागे त्याची नक्कल करायचो आणि पुढे निमूट मान डोलवायचो.

कंपनीचं नाव होतं मावळ नेत्रयंत्र कंपनी, आणि तिचे भागीदार बघितले असते तर कुणाही शहाण्या माणसाने दुसरीकडे चौकशी केली असती. पहिले इंदुरीचे बाबूराव पाटील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू. आबा आणि अण्णा शाळेत एका बाकावर बसलेले. आबांचे वडील काचबिंदूने आंधळे होऊन गेले. नदीकाठचं उसाचं रान विकून आलेला पैसा आबांनी अण्णांच्या हातात ठेवला तो त्यापायी. दुसरे हिरालालशेठ, बाजारातले चिक्कीवाले. शेठ का आले ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. "अण्णा समजावायला लागले, मी हो म्हणत गेलो," एवढंच ते म्हणत. तिसऱ्या खोरशेदबाई. भुशीच्या रस्त्याला त्यांचा बंगला होता आणि त्यामागच्या नोकरांच्या चाळीत आमचा कारखाना. बाईंनी पैसा दिला नाही, जागा दिली, आणि वर आपली दोन कुत्री आमच्या राखणीला सोडली. ती आम्हालाच चावत.

कंपनीचं माहितीपत्रक छापायचं ठरलं तेव्हा भागीदारांचा परिचय मी लिहिला. माझं मराठी तेव्हा फार चढेल होतं. हिरालालशेठना मी 'सुप्रसिद्ध उद्योजक' केलं, आबांना 'बागायतदार व दानशूर'. अण्णांनी कागद डोळ्याजवळ धरून वाचला आणि पेन्सिल मागितली. "शेठ चिक्की विकतात, तर चिक्की विकतात असं लिही. आबांनी रान विकलं, ते लिही. डोळा दाखवायला येणाऱ्या माणसाला कळू दे, हे यंत्र गूळ-शेंगदाण्याच्या आणि उसाच्या पैशाचं आहे. त्यात लाजायचं काय?"

"आणि तुमच्याबद्दल काय लिहू?" मी विचारलं.

"दुर्बिणी दुरुस्त करायचा. बस."

पण मी एक ओळ माझ्या मनाने घातली, की प्रत्येक यंत्र आधी संस्थापकांच्या स्वतःच्या डोळ्यावर तपासलं जातं आणि मगच बाहेर पडतं. ती मात्र त्यांनी खोडली नाही. पुढे डॉक्टर मंडळी यंत्र मागवताना हटकून त्या ओळीचा उल्लेख करत. जो मालक स्वतःच्या बुबुळावर लोखंड ठेवून घेतो त्याच्या मालाबद्दल शंका कोण घेणार? शेठ तर ती ओळ दुकानात येणाऱ्या पुणेकरांना तोंडपाठ म्हणून दाखवत आणि मग पाव किलो चिक्की बांधत.

या डोळ्याची एक गोष्ट आहे, आणि सगळं तिच्यातूनच घडलं. सुरुवातीला अण्णांकडे नमुन्यादाखल एक जर्मन यंत्र होतं. मिशनच्या एका गोऱ्या डॉक्टरांनी ते उसनं दिलं होतं. त्याच्यावरून अण्णांनी आणि आमच्या धोंडूने पहिलं देशी यंत्र उभं केलं. धोंडू भुशीच्या वरच्या वाडीतला. कानस त्याच्या हातात दिली की तो तहानभूक विसरे. मग गोरे डॉक्टर मायदेशी निघाले आणि त्यांनी यंत्र परत मागितलं. ते देण्याआधी अण्णांनी त्या डॉक्टरांकरवीच आपल्या उजव्या डोळ्यावर ते ठेवून घेतलं. काटा पाचावर थांबला. निरोगी डोळा. त्याच डोळ्यावर आमचं यंत्र ठेवलं, तेही पाच. अण्णा बाकावरून उठले आणि म्हणाले, "झालं. नमुना गेला तरी चालेल. नमुना माझ्या कवटीत आहे."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. पोलादी ठोकळ्यावर यंत्राचं शून्य तपासायचं, आणि शून्याच्या पुढचं अण्णांच्या डोळ्यावर. काटा पाचावर आला की यंत्र खोक्यात. नाही आला तर धोंडू ते घेऊन जाई, दांडी घासून गुळगुळीत करी, वरची तरफ केसभर वाकवी आणि परत आणी. "अण्णा, हालू नगा. जरा आडतंय ह्ये," तो म्हणायचा. अण्णा म्हणायचे, "नवीन आहे, लाजतंय. घे सांभाळून."

वर्षं गेली तसं हे अडणं वाढलं. कधी चारावर थांबे, पुढेपुढे तीनावर. अण्णा पोलादाला दोष देत, हवेतल्या दमटपणाला देत. लोणावळ्याच्या पावसाळ्यात सगळंच गंजतं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. धोंडू तरफ वाकवत राहिला. काटा पाचावर येत राहिला.

याच काळात अण्णा दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटू लागले. आम्ही चेष्टा करायचो की चौकट अण्णांच्या अंगावर येते. खोरशेदबाईंच्या कुत्र्यावर पाय पडला तेव्हा तर दिवसभर हसलो. बाजारात कुणी कडेने नमस्कार केला तर त्यांना कळत नसे, आणि लोक म्हणू लागले, सातपुत्यांना आता कंपनीची घमेंड आलीय. डोळ्याच्या कारखान्यात आम्ही दिवसभर डोळ्यांबद्दलच बोलत होतो, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्यांचा डोळा तर दर शनिवारी तपासला जात होता ना!

मग कोल्हापूरकडच्या एका डॉक्टरांचं पत्र आलं. तुमचं यंत्र आणि माझं जुनं जर्मन यंत्र एकाच रोग्याबद्दल वेगवेगळं सांगतात, असं त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं होतं. अण्णा फार हळू आवाजात म्हणाले, "त्यांचं जर्मन म्हातारं झालं असेल." पण त्यांना झोप लागेना. दोन दिवसांनी आमचं सगळ्यात नवं यंत्र पेटीत घालून ते, आमचे शनिवारचे डॉक्टर आणि मी पुण्याला गेलो. तिथल्या एका मोठ्या नेत्रतज्ज्ञांकडे नुकतंच आलेलं परदेशी यंत्र होतं. अण्णा नेहमीसारखे उताणे पडले. "आधी माझ्यावर ठेवा, मग वाद घालू."

आमचं यंत्र ठेवलं. पाच. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांचं ठेवलं. काटा शून्यापासून जेमतेम हलला. त्यांनी परत ठेवलं, मग डाव्या डोळ्यावर ठेवलं. मग खोलीत अंधार करून दिव्याने कितीतरी वेळ डोळ्याच्या आत बघत राहिले. उठून हात धुतले आणि अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "सातपुते, तुम्ही चालताना दाराला वगैरे धडकता का हो?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते बाकावर उठून बसले, चष्मा लावला, परत काढला. त्यांच्या डोक्यात सगळं एका क्षणात लागलं असावं, कारण पुढचं त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. तेच म्हणाले, "म्हणजे डोळा माझा कडक होत होता, आणि आम्ही यंत्र वाकवत होतो, कडक डोळ्यालाही पाच दाखवेल असं." मग माझ्याकडे वळून, "सुमन, अगं, बाहेर गेलेली सगळीच की गं."

स्वतःच्या दृष्टीबद्दल त्यांनी त्या खोलीत एकही प्रश्न विचारला नाही. आमच्या डॉक्टरांनी विचारला. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, गेली ती परत यायची नाही, उरली ती राखायचा प्रयत्न करू. पण फार उशीर झालाय.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले होते. चिंचवड गेलं, देहूरोड गेलं. एकदम म्हणाले, "इंदुरीचं शिबिर." आणि तळेगाव येताच उतरायला उठले. दोन वर्षांमागे आबांनी गावच्या देवळात तपासणीचं शिबिर भरवलं होतं. आमचंच यंत्र, आमचेच डॉक्टर, आणि काटा वाचायला अण्णा. वडील आंधळे होऊन गेले म्हणून आबांनी सगळ्यात आधी घरच्या माणसांना रांगेत उभं केलं होतं. त्यांच्या कारभारणीला, गोदावहिनींना, अण्णांनीच सांगितलं होतं, "वहिनी, डोळे उत्तम. खुशाल सुईत दोरा ओवा."

आम्ही टांगा करून इंदुरीला पोचलो तेव्हा गोदावहिनी ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. सून त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या सुपातले खडे परत वेचत होती.

"वहिनी, उद्या पुण्याला चला. डोळे दाखवायचेत," अण्णा म्हणाले.

"माजं डोळं तर तुमीच बघितलंत न्हवं, भावजी? चांगलं हायेत म्हनालता की."

"परत बघू."

"आनि ह्ये संध्याकाळचं दिसंना, त्ये वयामुळं आसंल असं मला वाटतंय. तुमी म्हनालता म्हून मी कुनाला बोलले न्हाई."

अण्णा ओसरीच्या पायरीवरच बसले. आबा आतून आले, त्यांनी आधी अण्णांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.  शेवटी डॉक्टरांनी सांगितलं. आबा खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "वामन, आरं माजा बा गेला तवा तितं यंतर न्हवतं. आता यंतर हुतं." एवढंच. मोठ्याने बोलले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

गोदावहिनींचा डावा डोळा गेलेलाच होता, उजवा निम्मा होता. शस्त्रक्रिया झाली, तिचा उपयोग झाला नाही. अण्णांचीही झाली. तिचाही झाला नाही. शिबिरातल्या इतरांना आबांनी एकेकाला धरून पुण्याला नेलं. त्यातल्या काहींचं निभावलं.

भागीदारांची बैठक बंगल्याच्या व्हरांड्यात भरली. यंत्रं परत बोलवायची म्हणजे कंपनी बुडवायची, हे सगळ्यांना कळत होतं. अण्णांनी हकिगत जशी घडली तशी सांगितली, एकही शब्द मऊ केला नाही. खोरशेदबाई कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. हिरालालशेठ जागचे उठले. मला वाटलं, आता हे भांडणार. ते म्हणाले, "पाक करपला की आम्ही सबंध परात टाकून देतो, अण्णा. गिऱ्हाईकाने एक तुकडा नेला असेल तरी त्याच्या मागे माणूस धाडतो. यात विचारायचं काय आहे?" आबा खाली मान घालून बसले होते. तशीच मान हलवून म्हणाले, "बोलवा माघारी." त्या तिघांची माहिती मी पत्रकात एकेकाळी किती सजवून लिहिली होती! खरं तर त्या दुपारी लिहायला हवी होती.

मी पत्रं टाइप केली, सगळ्या डॉक्टरांना, एकच मजकूर. अण्णांनी त्यात 'काही तांत्रिक कारणास्तव' हे शब्द मला घालू दिले नाहीत. "चुकीची आहेत असं लिही. वापरू नका असं लिही." पुष्कळ यंत्रं परत आली. धोंडू ती ऐरणीवर घेऊन हातोड्याने फोडायचा. स्वतःच्याच हाताने घासून घासून केलेली. फोडताना तो बोलायचा, कुणाशी ते कळायचं नाही. "मला वाटलं यंतर आडतंय. मला काय ठावं, डोळा आडतोय म्हून." अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तू बरोबरच केलंस रे. मी सांगितलं तेच केलंस." त्याने धोंडूचं काही हलकं होत नसे. अण्णांचं तर नाहीच.

आणि काही परत आलीच नाहीत. काही डॉक्टरांचं उत्तरच आलं नाही. एकाने उलट कळवलं की यंत्र अतिशय समाधानकारक असून परत करण्याची आवश्यकता वाटत नाही, संस्थापकांच्या सचोटीबद्दल त्यांना आदर आहे. हे मी वाचून दाखवलं तेव्हा अण्णा डोकं धरून हसले. आम्ही त्या डॉक्टरांना दुसरं पत्र धाडलं, तिसरं धाडलं. धोंडू एकदा स्वतः एस.टी.ने जाऊन आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. कुठल्यातरी गावी कुणीतरी आडवा पडलाय आणि डॉक्टर त्याला म्हणताहेत, डोळे उत्तम, हे आम्हाला माहीत होतं. आणि माहीत असून आम्ही लोणावळ्यात बसलो होतो. अण्णा रोज विचारायचे, "टपाल आलं?" पुढे त्यांना पोस्टमनची सायकल ऐकूनच कळू लागलं.

कारखान्याला कुलूप लागलं. मी नगरपालिकेत नोकरी धरली. खोरशेदबाईंनी अण्णांना त्या चाळीतली मागची खोली राहायला दिली होती. संध्याकाळी जाऊन मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळत होतं, मग तेही कळेना. पावसाळ्यात तब्येत ढासळली आणि उठणंही बंद झालं.

त्या दिवसांत एकदा गोदावहिनी आल्या. नातीच्या खांद्यावर हात, डोक्यावर पदर, डोळे उघडे आणि समोर कुठेच न लागलेले. आबा बरोबर नव्हते. ते लोणावळ्यात येत, शेठच्या दुकानात बसत, पण या चाळीत त्यांनी परत पाऊल टाकलं नव्हतं. नातीने वहिनींना कॉटजवळच्या स्टुलावर बसवलं आणि ती बाहेर कुत्री बघायला गेली.

"कोण?" अण्णांनी विचारलं.

"मी गोदा. इंदुरीची."

अण्णा उठायला धडपडले. मी त्यांना धरून उशीला टेकवलं. त्यांनी हात जोडले, पण वहिनी बसल्या होत्या त्याच्या भलत्याच बाजूला. वहिनींना ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ते बघायला एकटी मी होते.

"वहिनी, मी तुमचं वाटोळं केलं."

वहिनींनी पदराचं टोक चाचपलं. मग अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, "तुमाला तरी कुटं दिसत व्हतं, भावजी."

 वहिनींनी वासाच्या तांदळाचे पोहे आणले होते, ते माझ्याकडे दिले. पाऊस वाढायच्या आत निघायला हवं म्हणाल्या, नातीला हाक मारली आणि गेल्या.

"गेल्या का?" अण्णांनी विचारलं.

"गेल्या."

"पायऱ्या ओल्या असतील. कुणी धरलं होतं त्यांना?"

"नात होती."

"ठीक."

मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि ते रडायला लागले. आवाज नव्हता, पाठ तेवढी हलत होती. मी हातात पोह्यांचं गाठोडं घेऊन खोलीच्या मध्यावर उभी होते. बोलणं संपल्यावर मीही निघून गेले असं त्यांना वाटलं होतं, की मी इथेच आहे हे ठाऊक होतं, मला कळेना. जवळ जावं तर त्यांना कळेल की कुणीतरी बघतंय, आणि निघून जावं तर पावलं वाजतील. मी जागची हलले नाही. त्यांचं रडणं थांबून झोप लागेपर्यंत मी तशीच उभी राहिले.